उसाच्या फडातील कुलूप-किल्ली : किडी, साप आणि आपला जीव



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खताचे हप्ते, पाचट कुजविणे, खोडवा राखणे असेच विषय घेतो. या अंकात थोडा निराळा विषय घेत आहोत. हंगाम तोंडावर आला आहे. दिवाळी झाली की टोळ्या उतरतील, कोप्या उभ्या राहतील, कोयते चालू होतील. उसाचा फड म्हणजे सावली, ओल आणि उंदीर. जिथे उंदीर तिथे साप. दर हंगामात आमच्या शेतकी खात्याकडे सर्पदंशाची एकतरी बातमी येतेच. तेव्हा तोड सुरू होण्याआधीच चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

आमच्याच चुकीची गोष्ट

प्रथम एक कबुली. काही हंगामांपूर्वी आमच्या गटातील एका फडावर आम्ही तोडणी पाहण्यास गेलो होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. मोळी उचलताना पाचटाखालच्या घोणशीने एका बाईच्या हाताला दंश केला. बाई तरणीताठी, कडेवर मूल असलेली. मुकादम म्हणाला, "साहेब, पलीकडच्या वस्तीवर एक जण उतरवून देतो. आधी तिकडं नेतो, मग दवाखान्याचं बघू."

आमच्याकडे जीप होती. आम्ही शेतकीचे शिक्षण घेतलेले. तरीही लोकांचा आग्रह पाहून आम्ही म्हणालो, "बरं, पण लवकर आटपा." हे चार शब्द आजही आम्हाला टोचतात.

तिथे बाईला कडुनिंबाचा पाला चावायला दिला. कडू लागतो म्हणाली, म्हणून विष चढले नाही असे ठरले. दुपारी हिरड्यांतून रक्त येऊ लागले, हात कोपरापर्यंत सुजला, तेव्हा धावपळ झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत पाच तास गेले होते. लस दिली, रक्त थांबले, पण मूत्रपिंडांनी काम सोडले होते. पंधरा दिवस यंत्रावर रक्त शुद्ध करावे लागले. बाई वाचली. मात्र त्या जोडप्याचा सारा हंगाम गेला आणि उचल अंगावर राहिली. डॉक्टर आम्हाला इतकेच म्हणाले, "तासाभरात आणली असती तर बहुधा एवढ्यावर गेले नसते."

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचे वाचन सुरू केले. त्यातून जे समजले ते आपल्या भाषेत मांडत आहोत.

प्रथिन म्हणजे काय?

डाळीत, दुधात, अंड्यात प्रथिने असतात, ती खाल्ली की अंगात ताकद येते, एवढे आपण शाळेत शिकलो. पण प्रथिन म्हणजे केवळ अन्न नव्हे. सजीवाच्या शरीरातील बहुतेक कामे प्रथिनेच करतात. वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी एका माळेत ओवावेत आणि ती माळ ठराविक पद्धतीने गुंडाळली जावी, तसे प्रथिन बनते. मण्यांचा क्रम बदलला की गुंडाळी बदलते, आणि गुंडाळी बदलली की काम बदलते.

टोळाच्या पंखाच्या सांध्यात रबरासारखे एक प्रथिन असते. ताणून सोडले की जवळजवळ सगळा जोर परत मिळतो. १९६० साली शास्त्रज्ञांनी ते टोळात शोधले. पिसवेच्या उडीमागेही तेच प्रथिन. रेशमाचा धागा हेही प्रथिनच. एक उडी मारून देते, दुसरे कोश विणते.

यातली मुख्य गोष्ट एवढीच ध्यानात ठेवावी, की बहुतेक प्रथिने किल्लीसारखी असतात. जिथे त्यांच्या मापाचे कुलूप असेल तिथेच ती लागतात. दुसऱ्या कुलपाला ती किल्ली चालत नाही.

किडीचे नाक आणि अळीचे पोट

ही कुलूप-किल्ली आपण सभासद रोज वापरतो, फक्त त्या नावाने ओळखत नाही. खोडकिडीचे उदाहरण घेऊ. लहान उसात पोंगा मरतो, ओढला की हातात येतो आणि घाण वास मारतो. ती खोडकीड. हिच्या मादी पतंगाच्या अंगातून एक गंध सुटतो. माणसाच्या नाकाला तो कळत नाही. नर पतंगाच्या मिशांवर अतिसूक्ष्म केस असतात. त्या केसांत खास प्रथिने असतात. ती हवेतला तो गंध पकडून आतल्या नसेपर्यंत पोहोचवतात. अशा प्रकारचे पहिले प्रथिन १९८१ साली अमेरिकेत एका मोठ्या रेशमी पतंगाच्या मिशांत सापडले.

कामगंध सापळ्यात आपण जी गोळी लावतो, तिच्यात हाच गंध माणसाने तयार करून भरलेला असतो. नर येतो, अडकतो, आणि मादीची अंडी वांझ जातात. आता सांगा, खोडकिडीच्या गोळीवर कापसाची बोंडअळी येते का? येत नाही. किल्ली एकीची आणि कुलूप दुसरीचे. म्हणून सापळे घेताना कोणत्या किडीची गोळी आहे हे विचारून घ्यावे लागते. ज्यांनी चुकीची गोळी लावून महिनाभर रिकामे सापळे पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरे उदाहरण बी.टी.चे. हा मातीत राहणारा जिवाणू आहे. तो प्रथिनाचे खडे तयार करतो. अळीने तो खडा खाल्ला की तिच्या पोटातील अल्कलीत तो विरघळतो, त्यातून निघालेले प्रथिन आतड्याच्या पेशीवरच्या कुलपाला जाऊन बसते आणि तिथे भोक पडते. अळी खाणे सोडते आणि मरते. माणसाचे किंवा बैलाचे पोट आम्लाचे, आणि तिथे ते कुलूपही नाही. म्हणून तेच प्रथिन आपल्याला बाधत नाही.

पण निसर्गात कुलपे बदलतातही. आपल्या देशात बी.टी. कापूस २००२ साली आला. पंधरा वर्षांत, २०१७ साली, शेंदरी बोंडअळीने महाराष्ट्रात बोंडेच्या बोंडे पोखरली. शेवगाव, पाथर्डी, नेवासे भागातील आपल्या पाहुण्यारावळ्यांनी तो फटका सोसला आहे. त्या अळीच्या ज्या पिढ्या टिकल्या, त्यांच्या आतड्यातील कुलपाची घडण बदललेली होती. किल्ली तीच राहिली, कुलूप मात्र दुसरे झाले. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे मुंगसाच्या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

विष म्हणजे घडवलेली लाळ

आता सापाकडे येऊ. सापाला हात नाहीत, पाय नाहीत, चावून खाण्याचे दात नाहीत. उंदीर तर चपळ. तो पळून जायच्या आत लोळवायचा कसा? लाखो वर्षांच्या काळात काही सापांच्या लाळेसारख्या ग्रंथींतून विषाची ग्रंथी घडली. डोळ्यामागे ग्रंथी, तिच्यापासून नळी आणि पुढे पोकळ दात, म्हणजे इंजेक्शनच्या सुईसारखी रचना. त्या विषात पाणी सोडले तर बहुतेक सारी प्रथिनेच असतात. प्रत्येक सापाची प्रथिने निराळी, म्हणून परिणामही निराळे.

आपल्या भागात माणसाच्या जिवावर बेतणारे मुख्य साप चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे.

नाग : आपल्याला हात उचलायचा असतो तेव्हा मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत येतो. नसेच्या टोकातून एक रसायन सुटते, ते स्नायूवरच्या कुलपात जाऊन बसते आणि स्नायू आखडतो. नागाच्या विषातील लहानसे प्रथिन म्हणजे खोटी किल्ली. ती कुलपात शिरते, पण फिरत नाही आणि बाहेरही निघत नाही. खरी किल्ली बाहेरच राहते. प्रथम पापण्या जड होऊन मिटू लागतात, मग बोलणे बोबडे होते, गिळता येत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. शिवाय चावल्या जागी सूज येते आणि मांस सडते.

मण्यार : हिचे काम त्याहून वाईट. ही नुसते कुलूप अडवीत नाही, तर किल्ल्या जिथे ठेवलेल्या असतात ते नसेचे टोकच नासवते. एकदा ते नासले की पुन्हा बरे होण्यास दिवस लागतात, तोवर माणसाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते. मण्यारीचे दात बारीक. दंशाची खूण दिसत नाही, सूज नाही, फारशी आगही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, आणि घरचे समजतात की अपचन झाले. पावसाळ्यात भुईवर झोपलेले लेकरू पहाटे पोट दुखते म्हणाले आणि त्याच्या पापण्या जड दिसल्या, तर ओव्याचा काढा देत बसू नका, दवाखाना गाठा.

घोणस : हिची प्रथिने रक्तावर काम करतात. जखम झाली की रक्त गोठावे यासाठी आपल्या रक्तात काही द्रव्ये राखीव असतात. घोणशीचे विष ती सगळी एकदम कामाला लावून संपवून टाकते. पाटाचे दार एकदम उघडून सगळे पाणी वरच सांडून दिले की टेलच्या शेतकऱ्याला थेंब उरत नाही, तसे. मग रक्त गोठतच नाही. हिरड्या, लघवी, जुनी जखम, जिथून वाट मिळेल तिथून ते वाहते. मूत्रपिंडे बिघडतात. घोणस जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके, कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार. काही लोक तिला अजगराचे पिल्लू समजून हात लावतात. तसे कधीही करू नये.

फुरसे : हे लहान असते. बागायतापेक्षा कोरडवाहू, खडकाळ माळावर जास्त. याचेही विष रक्तावरच जाते. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज करते.

दवाखान्यात डॉक्टर एक साधी तपासणी करतात. कोऱ्या कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. नळी तिरपी केल्यावर रक्त पातळच राहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष चढले असे समजतात. वीस मिनिटांत जे नळी सांगते, ते कडुनिंबाचा पाला सांगू शकत नाही. पाल्याचा कडूपणा जिभेचा विषय, गोठणे रक्ताचा विषय. त्या बाईला पाला कडू लागला तो यामुळेच.

मुंगसाला विष का बाधत नाही?

आपल्याकडे समज आहे की मुंगूस सापाशी लढाई झाली की एक वेल खाऊन येते आणि विष उतरते. खरा प्रकार वेगळा आहे. १९९२ साली इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी मुंगसाच्या स्नायूवरचे ते कुलूप तपासले. त्यातील काही मणी बदललेले निघाले. आपली खरी किल्ली तिथे बसते, पण नागाची खोटी किल्ली नीट बसत नाही. जे बोंडअळीने आतड्यात केले तेच मुंगसाने स्नायूत केले. शिवाय मुंगूस चपळाईने दंश चुकवते, तो भाग निराळा.

म्हणजे वेलीत काही नाही, मुंगसाच्या जन्मजात घडणीत आहे. आपले कुलूप काही बदललेले नाही. मुंगसाची वेल म्हणून जे मूळ कोणी उगाळून देतो, त्याने आपले कुलूप बदलणार नाही.

घोड्याने घडवलेला उतारा

मग आपल्यासाठी उपाय काय? तर त्या खोट्या किल्लीलाच पकडून ठेवणारे दुसरे प्रथिन. ते घोडा तयार करतो. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेत टोचतात आणि हळूहळू मात्रा वाढवतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला नेमकी चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात. मग घोड्याचे थोडे रक्त काढून त्यातून ती वेगळी करतात, शुद्ध करतात आणि वाळवून बाटलीत भरतात. घोडा मरत नाही. ही युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात यशस्वी केली.

आपल्या राज्यात मुंबईला परळ येथे १८९९ साली प्लेगच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा सुरू झाली, तीच पुढे हाफकिन संस्था. सापाच्या विषावरील लस करणाऱ्या देशातील जुन्या संस्थांत तिचे नाव आहे. आज देशात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्र चालते. म्हणून साप मारून दवाखान्यात नेण्याची गरज नाही. तो मारायच्या नादात दुसऱ्या माणसाला दंश झाल्याची उदाहरणे आहेत.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. लस करायला लागणारे विष कुठून येते? मोठा वाटा तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून येतो. हे लोक पूर्वी सापाच्या कातड्यांवर पोट भरीत. कातड्याच्या व्यापारावर बंदी आली आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. १९७८ साली त्यांनी चेन्नईजवळ सहकारी संस्था काढली. साप पकडायचा, तीन-चार आठवडे ठेवून काही वेळा विष काढायचे आणि जिवंत सोडून द्यायचा. आपल्या जिल्ह्यात लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे चाक फिरले, तेव्हा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन जे साधले, तेच या भूमिहीन माणसांनी विषाच्या धंद्यात साधले. आपल्या फडातील माणूस लसीने वाचतो, त्यात त्यांच्या सहकाराचाही हात असतो.

विषातून औषधेही निघाली आहेत. रक्तदाबावरचे एक औषध ब्राझीलमधील सापाच्या विषावरून सुचले आणि १९८१ साली ते वापरात आले. हृदयविकाराच्या झटक्यात रक्ताची गुठळी रोखण्यासाठी वापरतात ते एक औषध आपल्याच फुरशाच्या विषातील प्रथिनाचा नमुना पाहून बनवले. कुलूप कोणते ते नेमके कळले की विषाचेही औषध करता येते.

वेळ का महत्त्वाची?

लस रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. विष कामावर पोहोचून नासधूस करून गेले, की ती नासधूस लसीने भरून निघत नाही. मण्यारीने नसेचे टोक नासवल्यावर लस देऊन ते टोक तत्काळ उगवत नाही. घोणशीने मूत्रपिंड बिघडवल्यावर लस ते दुरुस्त करत नाही. चोर घरात शिरण्याआधी दाराशी धरला तर उपयोग, तिजोरी फोडून गेल्यावर नाही. म्हणून पहिला तास मोलाचा.

आणखी दोन गोष्टी. एक, लहान मुलाला लस कमी द्यावी असे लोकांना वाटते. तसे नाही. साप मोठ्या माणसात जितके विष सोडतो तितकेच लेकरातही सोडतो. म्हणून लेकरालाही मोठ्याइतकीच लस लागते. दोन, लस घोड्याची असल्याने काहींना तिची रिॲक्शन येते. म्हणून ती दवाखान्यातच, रिॲक्शनवरचे औषध हाताशी ठेवूनच देतात. ती घरी आणून टोचून घेण्याची वस्तू नव्हे.

मग मांत्रिकाला यश कसे येते?

हा प्रश्न गटसभेत आम्हाला नेहमी विचारतात. "साहेब, आमच्या चुलत्याला उतरवून आराम पडलाच ना?" पडला असेल. त्याची कारणे दोन. आपल्या भागातील बहुतेक साप बिनविषारी आहेत : धामण, कवड्या, तस्कर, दिवड. त्यांच्या दंशाने कोणी मरत नाही. आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही, कोरडा दंशही असतो. असे रोगी कोणाकडेही नेले तरी बरेच होणार. श्रेय मात्र मंत्राला जाते. आणि ज्याच्या अंगात खरोखर विष गेले, तो मेला की "आणायला उशीर झाला" म्हणतात. असा हिशेब आपण काट्यावर चालवून घेऊ का? दहा गाड्यांचे वजन बरोबर आणि अकरावीत टनभर घट, तर आपण शेतकी खात्याच्या दारात येऊन बसतो. मग जिवाच्या बाबतीत इतके सैल का?

आम्हाला एवढेच म्हणायचे आहे की, खोडकिडीच्या सापळ्याला खोडकिडीचीच गोळी लागते हे शेतात ज्याला पटते, त्याला सापाच्या विषाला त्याच्याच मापाचा उतारा लागतो हे ओसरीवरही पटले पाहिजे.

दंश झाल्यावर काय करावे

१. माणसाला धीर द्यावा, निजवावे. पळू देऊ नये, चालवू नये.

२. हातातील अंगठी, बांगड्या, पायातील जोडवी, तोरड्या लगेच काढाव्यात. सूज आल्यावर त्या रुततात.

३. हाड मोडल्यावर बांधतो तशी दंशाच्या हाताला किंवा पायाला फळी अथवा उसाचे कांडे लावून सैल फडक्याने बांधावे. हालचाल थांबली पाहिजे, रक्तपुरवठा नव्हे.

४. दंशाची वेळ लक्षात ठेवावी. १०८ ला फोन लावावा. गाडी यायला वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. लस आहे का हे आधी फोनवर विचारून त्याच दवाखान्यात जावे. सरकारी दवाखान्यात लस मोफत असते.

५. वाटेत उलटी होत असेल तर कुशीवर निजवावे.

काय करू नये

१. आवळून दोरी बांधू नये. खालचा भाग सडतो.

२. ब्लेडने चिरू नये. घोणशीच्या विषात रक्त गोठत नाही, चिरले की ते थांबणार नाही. तोंडाने ओढूही नये. दाताने विष खोलवर सोडलेले असते, ओढून ते येत नाही.

३. डाग देऊ नये. आचेने प्रथिन बिघडते हे खरे, अंडे उकडले की घट्ट होते तसे. पण विष तोवर कातडीखालून पुढे गेलेले असते, भाजते ते फक्त आपले अंग.

४. कोंबडी लावणे, पाला खाऊ घालणे, दारू पाजणे, यांत वेळ घालवू नये.

फडात घ्यायची काळजी

पाचट आणि मोळी हाताने उचलण्याआधी काठीने हलवावी. सापाला बाहेरून दिसणारे कान नाहीत, पण जमिनीचा हादरा त्याला चांगला कळतो. पाय आपटीत चालले तर बहुतेक साप वाट देतो. घोणस मात्र जागची हलत नाही, म्हणून फक्त पायाच्या आवाजावर विसंबू नये. रात्रीच्या विजेवर दारे धरायला जाताना बॅटरी आणि गमबूट हवेतच. "चिखलात बूट रुततो" ही सबब आम्ही ऐकली आहे. पण चावे बहुतांशी घोट्याखालीच होतात.

कोप्यांची जागा देताना फडाच्या कडेला, पाचटाच्या गंजीजवळ देऊ नये. कोपीभोवती दहा पावले जागा साफ करून द्यावी. शक्य त्या सभासदाने टोळीला दोन-चार जुन्या बाजा द्याव्यात. बाजेवर झोपलेल्या लेकराला मण्यार सहसा गाठत नाही, आणि जमिनीवर झोपावे लागले तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. जी माणसे आपला ऊस तोडायला घरदार सोडून येतात, त्यांच्या लेकरांसाठी एवढे करणे काही फार नाही.

आणि धामण दिसली तर मारू नका. ती गाईचे दूध पीत नाही, तिच्या पायाला वेटोळेही घालत नाही. ती उंदीर खाते. उंदीर उसाची कांडी कुरतडतो, बांध पोखरतो आणि विषारी सापालाही बोलावतो. एक धामण म्हणजे बिनपगारी राखणदार.

शेवटची विनंती

देशातील मृत्यूंच्या मोठ्या पाहणीवरून २०२० साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने गेली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांत बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. हे दिल्लीत ठरून होणार नाही, आपल्या बांधावर व्हायला हवे.

कागदाची एक बाबही सांगून ठेवतो. खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक सदस्य, वय १० ते ७५, यांचा सर्पदंशाने मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांस दोन लाख रुपये मिळू शकतात. त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि पंचनामा, शवविच्छेदन अहवाल असे कागद लागतात. मांत्रिकाच्या अंगणात माणूस गेला आणि तसाच अग्नी दिला, तर माणूसही जातो आणि कागदही उरत नाही. अर्थात पैसा घेण्याची वेळ कोणावर न येवो, हीच इच्छा.

आपल्या जवळचा कोणता दवाखाना लस ठेवतो, रात्री डॉक्टर असतात का, फोन नंबर काय, हे तोड सुरू होण्याआधी प्रत्येक सभासदाने विचारून घ्यावे. तो नंबर मोटारीच्या पेटीवर खडूने लिहावा आणि मुकादमालाही द्यावा. गटसभेत याविषयी प्रश्न विचारावेत, आम्ही उत्तर देऊ. आणि फडावर कोणाला दंश झाला, तर आमच्या माणसांना हाक द्या. या वेळी आमची जीप दुसरीकडे कुठेही वळणार नाही, सरळ दवाखान्यात जाईल.



आपला,
ऊस विकास अधिकारी
शेतकी खाते